कधीही न गोठवलेलं

अबू हलीफा, कुवेत
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

ताराताई,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली असल्यामुळे प्रत्यक्षात नुसती मान लववली आहे, बाकीची सात अंगं तू समजून घे. व्हॉट्सॲपवर काही लिहिलं की तू अंगठा पाठवतेस. अंगठ्याला उत्तर मानावं असं काही मला आमच्या बाबांनी शिकवलं नाही. म्हणून हे सविस्तर. ईमेल असलं तरी पत्रच समज आणि पत्रासारखं उत्तर पाठव. शुद्धलेखन तपासणार नाही. बाबांच्या हाताखाली शिकून संस्कृतात पस्तीस मार्क मिळवलेल्या आतेबहिणीकडून माझ्या अपेक्षा माफक आहेत.

मी संतापलो आहे आणि इथे संतापाला श्रोता नाही. हक्काची श्रोती म्हणजे बायको, पण राजश्री हॉस्पिटलातून बारा तास उभी राहून घरी येते. तिच्यापुढे गोमांसाचा विषय काढला की ती ताटावरून उठते. तेव्हा तू ऐक. तुझी तीस वर्षं मासळी गोठवण्यात गेली, तुला निदान किळस येणार नाही.

आमच्या कंपनीच्या प्रत्येक बर्गरच्या दुकानावर पुरुषभर उंचीची पाटी आहे: ‘ताजं बीफ. कधीही न गोठवलेलं.’ अरबीत आणि इंग्रजीत, हिरव्यावर पांढरी. गेल्या शनिवारी इथल्या सलवा भागातल्या दुकानात एका दाढीवाल्या गृहस्थाने बर्गर उघडला, आतली टिक्की दोन बोटांनी दाबली आणि मोबाइलपुढे धरली. कागदावर पाण्याचं थारोळं. म्हणाला, “माझ्या वडिलांचं मांसाचं दुकान होतं. हे ताजं नाही. हे परवापर्यंत बर्फ होतं.” चार लाख लोकांनी ते पाहिलं. त्या चार लाखांत एकाला तरी विचारावंसं वाटलं का, की बाबा रे, ही पाटी खरी असल्याची रोज सकाळी सही कोण करतो? मी करतो. गुणवत्ता अधिकारी, शरद आपटे. माझ्या सहीला खोटं म्हणणारा हा कोण टिकोजीराव?

तू म्हणशील, चातुर्मासात कांदा न खाणारा माणूस हे काम करतो कसा. पद्धतशीर करतो. मुख्य स्वयंपाकघरात मांसाची खोली वेगळी आहे. तिला काचेचं दार आहे. आत बानू, बाहेर मी. बानू परकार आपल्या दापोलीकडची, मराठीच बोलते. किती पिशव्या आल्या, तापमान किती, अवस्था काय, हे सगळं ती एका जाड वहीत लिहिते. त्या वहीला डाग असतात, वास येतो. ती हातात घेणं मला जमणार नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात नम्रपणे सांगितलं होतं. आमच्या मुदीरने, म्हणजे व्यवस्थापकाने, तेव्हाच सोय करून दिली. वही संध्याकाळी ऑफिसात जाते, तिथे तिच्यावरून स्वच्छ प्रत छापतात, आणि सकाळी ती पारदर्शक पाकिटातून माझ्या टेबलावर येते. मी तिला सोवळी प्रत म्हणतो. वाचतो, सही करतो. तीन वर्षांत एकही दिवस चुकलो नाही.

मुदीरचं नाव नीलेश. पुण्याचा, चौतीस वर्षांचा, कामाला वाघ. त्याचं म्हणणं, बानूने काही पिशव्या चुकून बटाट्याच्या फ्रीझरात ठेवल्या असणार. तिला ताकीदपत्र दिलं आहे. आणखी एक मिळालं की नोकरी संपली. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा कागद, गेला. तिची मुलगी रत्नागिरीलाच नर्सिंग शिकते. वाईट वाटतं, पण चूक ती चूक. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती काचेतून माझ्याकडे नुसती बघत राहिली. अपराधी माणूस असाच बघतो.

कामात तिचं लक्ष नव्हतंच. महिनाभर एकच टुमणं: सकाळी नाली लाल पाण्याने तुंबते, माणूस पाठवा. रविवारी बंदरावरून गाडी येते तेव्हा पिशव्या अशा आदळत उतरवतात की काचेबाहेर मला लाद्या उतरवल्याचा आवाज येतो. त्यावर लक्ष ठेवायचं सोडून नाली.

असो. माझा संताप निम्मा उतरला. उरलेला उत्तराची वाट बघतो आहे.

तुझा
शरद


रत्नागिरी
१५ सप्टेंबर २०२५

पंडित शरदराव यांस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा पेन घेऊन.

धूर दिसला की विस्तव असतो, एवढं मामांनी मलाही शिकवलं होतं. त्याचे पस्तीस मार्क मला मिळाले आहेत. तर ऐक. ताजं मांस मऊ असतं. त्याची पिशवी जमिनीवर ठेवली तर ती बसते. लादीसारखी वाजत नाही. वाजते ती दगड झालेली पिशवी.

ताज्या मांसालाही थोडं पाणी सुटतं, नाही असं नाही. पण नाली तुंबेल इतकं नाही. मांस काय, सुरमई काय, गोठताना आतल्या पाण्याचे काटे होतात आणि ते मांसाला आतून फाडतात. मग वितळलं की सगळं बाहेर. तुझा तो दाढीवाला गृहस्थ बरोबर बोलला. मी त्याला आमच्याकडे नोकरी दिली असती.

आता तू मला सांग. गाडी विमानतळावरून न येता बंदरावरून येते. आठवड्यातून एकदा येते. त्या एका गाडीवर तुमची दुकानं सात दिवस ताजा खिमा विकतात. आमच्याकडे ताज्या मासळीची गाडी दिवसातून दोनदा फिरते, तरी चार वाजता आम्ही वास घेऊन बघतो.

गोठवण्यात पाप नाही हे नीट समज. मी उणे चाळीसला गोठवते, चार तासांत, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘गोठवलेली’ लिहिते. माझी कोळंबी सहा महिन्यांनी खाऊन बघ, काल पकडली म्हणशील. म्हणजे तू नाही म्हणणार, पण खाणारा माणूस म्हणेल. गोठवलेलं विकणं हा धंदा. गोठवलेलं ताजं म्हणून विकणं ही चोरी. आणि त्या चोरीचा आळ खोलीत उभ्या असलेल्या बाईवर.

दोन प्रश्न आहेत. ती मूळ वही तू कधी उघडलीस? आणि त्या खोलीत तू एकूण किती वेळा गेलास?

तारा

(आमच्या सोसायटीत मी सांगते, शरद अन्नसुरक्षेत आहे. कसल्या अन्नाच्या ते सांगत नाही.)


अबू हलीफा
१७ सप्टेंबर २०२५

ताराताई,

तुझं पत्र वाचून माझा चहा निवला. इथे सप्टेंबरात तो निवत नाही, तेव्हा काय ते समज.

दोन प्रश्नांची दोन उत्तरं: कधीच नाही. आणि एकदाही नाही.

त्यात लाजण्यासारखं काय आहे? ज्ञानाची साधनं अनेक असतात. प्रत्यक्ष हे त्यातलं सर्वांत बाळबोध. विश्वासू माणसाचा शब्द हेही प्रमाणच मानलं आहे. जगातले निम्मे व्यवहार त्यावर चालतात. तू तरी प्रत्येक कोळंबी चाखून खोकं बंद करतेस का? छापील प्रतीत तापमान दोन अंश, अवस्था ताजी, असं रोज असतं. त्याखाली मी सही करतो. रत्नागिरीत बसून, एका आवाजावरून आणि एका नालीवरून, तू माझी तीन वर्षं नासकी ठरवतेस. या अनुमानाला बाबांनी पस्तीससुद्धा दिले नसते.

नीलेशबद्दलही तुझा ग्रह चुकीचा आहे. नोकरीला घेताना तो म्हणाला होता, “सर, आम्हाला तुमच्यासारखाच माणूस हवा होता. शिकलेला, सात्त्विक, मांसाला हात न लावणारा. तुमच्या सहीवर कोण शंका घेणार?” अशी कदर आजकाल कोण करतो?

प्रकरण संपत आलं आहे. नीलेशने एक निवेदन तयार करून दिलं आहे: बानूच्या नोंदी बेभरवशाच्या होत्या, माल चुकीच्या जागी ठेवला गेला, गुणवत्ता विभागाला त्याची माहिती नव्हती. रविवारी सकाळी दहापर्यंत सही करून द्यायचं आहे. त्यावर बानूचं काय ते ठरेल. मी देणार आहे. नोकरी मलाही आहे, ताई. चोपन्नाव्या वर्षी परदेशात नवी कोण देतो?

रागावू नकोस. अथवा रागाव, पण व्यवस्थित परिच्छेद पाडून रागाव.

शरद


रत्नागिरी
१८ सप्टेंबर

शरद,

सही करू नकोस.

तुला का घेतलं ते तुला तीन वर्षांत कळलं नाही, मला एका ओळीत कळलं. मांसाची चोरी लपवायची असेल तर दारावर कोणाला बसवावं? जो आत कधीच येणार नाही त्याला. ती कदर नव्हती रे बाबा. तुझं सोवळं त्यांनी पगारावर ठेवलं.

आता एक जुनी गोष्ट. चौऱ्याण्णव साली मी फॅक्टरीत लागले. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन तुमच्याकडे आले, तेव्हा मामा म्हणाले, “ताराचं पान बाजूला मांडा, तिच्या हाताला वास येतो.” तू तेवीस वर्षांचा होतास. पान उचललंस आणि मोरीजवळ मांडलंस. एक शब्द बोलला नाहीस. मामांवर मी तेव्हाच रडून घेतलं. तुझं मी मनात ठेवलं, कारण त्यानंतर दर भाऊबीजेला तू माझ्याकडे येऊन जेवलास, आणि मला वाटलं, याला कळलं असेल.

नाही कळलं. तेच पान तू आता त्या दापोलीच्या बाईचं मांडतो आहेस, काचेपलीकडे. मी मासळीत कोपरापर्यंत हात घातले, शरद. मला ठाऊक आहे माझ्या खोक्यात काय आहे. तू न बघता सही करतोस आणि हात स्वच्छ म्हणतोस.

रविवारी गाडी येते ना? निवेदन दहाला द्यायचं आहे. तू सहाला जा. काच उघड. टोकदार थर्मामीटर असतो तुमच्याकडे, तो पिशवीच्या मधोमध खुपस. खुपसला गेला तर मी चुकले, तुझी माफी मागेन, संस्कृतात मागेन. नाही खुपसला गेला तर ती वही माग. तिच्या तोंडून ऐकू नकोस, हातात घे.

परिच्छेद पाडले आहेत.

तारा


अबू हलीफा
शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५

ताराताई,

खुपसला गेला नाही.

आठ दिवस लिहिलं नाही कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. आता क्रमाने लिहितो.

रविवारी पावणेसहाला पोहोचलो. गाडी लागली होती. मी काच ढकलली तशी बानू मागे सरकली, तिला वाटलं मी चुकून आलो. “सर, इथे मांस हाय,” म्हणाली. मी म्हटलं, माहीत आहे. तिने मला हातमोजे दिले, डोक्यावर घालायची जाळी दिली आणि शेजारी उभी राहिली, एखाद्या आजाऱ्याजवळ उभं राहावं तशी. वासाबद्दल लिहीत नाही. वाटला होता त्याहून कमी होता, हेच मला जास्त लागलं.

थर्मामीटरचं टोक वाकलं. मी दुसरी पिशवी घेतली, तिसरी घेतली. बानू म्हणाली, “कितीपण घ्या. सगळे धोंडे हायत.”

मग वही मागितली. ताई, त्या वहीत दर रविवारी, तीन वर्षं, तिच्या गोल अक्षरात मराठीत लिहिलेलं आहे: ‘आवक चाळीस पिशव्या. धोंडे.’ सोमवारी: ‘वितळायला ठेवल्या, पंधरा.’ मंगळवारी: ‘पाणी फार.’ एका पानावर: ‘नाली. सरांना सांगितले.’ दुसऱ्या पानावर पुन्हा तेच. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. माझ्या पाकिटातल्या सोवळ्या प्रतीत त्याच तारखांना: अवस्था ताजी, तापमान दोन अंश.

मी तिला विचारलं, “तू काही बोलली का नाहीस?”

“मी काय बोलू? मी रोज लिवलं. तुमी रोज सही केलीत. मला वाटलं, तुमाला ठाऊक हाय. मला वाटलं, तुमी पण त्यांच्यातलेच.”

“आणि ताकीदपत्र वाचून दाखवलं तेव्हा?”

“तवा तं नक्कीच वाटलं,” ती म्हणाली.

मी तिच्या नजरेला अपराधी म्हटलं होतं. बारा तारखेचं माझं पत्र तुझ्याकडे असेल. पुसून टाक म्हणणार नाही. ठेव.

दहा वाजता नीलेशच्या केबिनमध्ये गेलो, वही हातात घेऊन. तो प्रथम वहीपासून खुर्ची मागे घेऊन बसला. मग म्हणाला, “सर, तुम्ही बसा. टेक्निकली आपण चुकीचं काहीच बोलत नाही. फ्रोझन करताना ते फ्रेशच असतं. फ्रेश घेऊनच फ्रीझ करतात ना?”

मी म्हटलं, “या न्यायाने मडंसुद्धा मरेपर्यंत जिवंतच असतं.”

“सर, प्लीज. विमानाने आणलं तर बर्गर कोणाला परवडणार? लोकांना फरक कळत नाही.”

“एकाला कळला.”

“तोच तर प्रॉब्लेम आहे. म्हणून तर तुमचं निवेदन हवंय. बानूचं काय, ती दुसरीकडे लागेल. तुमची पोझिशन वेगळी आहे.”

“ती लागेपर्यंत इकामा थांबतो का?”

त्यावर त्याने मोबाइल पाहिला. ताई, मला रागाने घाम आला, त्या बर्फासारख्या केबिनमध्ये. तो खोटं बोलत होता याचा तेवढा नाही. तो मला आपला मानत होता याचा. “आपण मराठी माणसं, सर,” असंही मध्येच म्हणाला. बानू जणू जपानहून आली आहे.

त्याचं निवेदन मी टेबलावरच ठेवलं. घरी येऊन माझं स्वतःचं लिहिलं, पाच पानं, सोमवारी मालकांच्या कार्यालयात देऊन आलो. वहीच्या पानांचे फोटो जोडले आहेत. राजश्रीला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, “वॉर्डात पेशंटला न बघता तापमान लिहिलं असतं तर मला पहिल्या दिवशी काढलं असतं.” एवढंच. जेवण वाढलं तिने, पण मला भूक नव्हती.

माझी तीन वर्षांची प्रत्येक सही खोटी आहे. मी कोणाला फसवलं नाही, असं मी अजून स्वतःला सांगून बघतो. मग ती वही आठवते.

शरद


रत्नागिरी
२८ सप्टेंबर २०२५

शरद,

वाचलं. माफी मागावी लागली नाही याचा आनंद झाला नाही.

पण पाच पानं? पाच पानं कोण वाचतं? मी तुला ओळखते. पहिल्या पानावर सत्याचं स्वरूप असेल, दुसऱ्यावर व्यवसायातली नीतिमत्ता, आणि तू स्वतः चौथ्या पानावर कुठेतरी कर्मणी प्रयोगात लपलेला असशील. ‘पडताळणी केली गेली नाही.’ कोणी केली नाही? ते पत्र परत माग आणि एका पानाचं दे. पहिली ओळ अशी: ‘मी तीन वर्षं न बघता सही केली.’ दुसरी ओळ: ‘बानू परकार यांनी रोज खरं लिहिलं.’ मग खाली हवं तेवढं पाणी घाल.

आणि तुझा पश्चात्ताप मी वाचला, छान लिहिला आहेस, पण त्या बाईला त्याचा उपयोग नाही. तिचं ताकीदपत्र मागे घेतलं का? त्याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. पुढच्या पत्रात पहिली ओळ ती असू दे. नसेल तर लिहू नकोस.

तारा

तुझ्या नोकरीची काळजी मलाही वाटते. लिहिलं नाही म्हणून वाटत नाही असं समजू नकोस.


अबू हलीफा
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ताराताई,

बानूचं ताकीदपत्र मागे घेतलं.

ही ओळ लिहायला महिना लागला, म्हणून पत्राला महिना लागला. तू म्हणालीस तसं एका पानाचं पत्र दिलं. पाचपैकी साडेतीन पानांत मी खरंच नव्हतो. तू हे कसं ओळखलंस ते विचारणार नाही.

चौकशी झाली. तीन माणसं बसली होती, त्यांत नीलेशही. ज्याची चौकशी करायची त्यालाच चौकशीला बसवायची ही पद्धत मला नवी होती. बानूला वही घेऊन बोलावलं. तिने वाचून दाखवलं, एकेक रविवार. “धोंडे म्हणजे काय?” असं मालकांकडच्या गृहस्थांनी विचारलं. ती म्हणाली, “साहेब, गोठलेलं. डोक्यात घातलं तं माणूस मरल.” मी भाषांतर केलं. शब्दशः केलं.

निकालाचा कागद माझ्यासमोर आहे. बानूच्या नोंदी योग्य होत्या. जबाबदारी गुणवत्ता अधिकाऱ्याची, ज्याने मूळ नोंदवही न पाहता प्रमाणित केलं. पदमुक्त. छापील प्रत कोणी बदलली याबद्दल त्या कागदात एक ओळ नाही, अर्धी नाही, स्वल्पविरामसुद्धा नाही. नीलेश आहे तिथे आहे. जाताना त्याने मला हात पुढे केला. “सर, पर्सनली घेऊ नका.” मग कसं घेऊ? कंपनीतर्फे घेऊ?

पण कागदात माझ्याबद्दल लिहिलंय ते खरं आहे. तिथे मला भांडायला जागा नाही, आणि त्याचा मला जास्त संताप येतो.

पाट्या बदलल्या. ‘कधीही न गोठवलेलं’ गेलं. त्या जागी ‘शंभर टक्के बीफ’. हे कोणी नाकारलं होतं? परवा मुद्दाम सलव्याच्या दुकानापाशी गेलो. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत होती, पूर्वीइतकीच. एकानेही मान वर करून पाटी वाचली नाही. मी तिथे उन्हात उभा राहून चार लाख लोकांवर चिडलो होतो. दुकानातला माणूस बाहेर येऊन म्हणाला, “अंकल, ऑर्डर देनी है क्या?”

इकाम्याला अजून दोन महिने आहेत. राजश्रीची नोकरी आहे, तोवर चूल आहे. एका दुग्धशाळेत मुलाखत दिली. मी पहिल्याच वाक्यात सांगितलं की मागच्या ठिकाणी मला का काढलं. समोरच्या बाई म्हणाल्या, कळवतो. दुधाला हात लावायला माझी हरकत नाही, हेही सांगून आलो. त्या हसल्या नाहीत.

आज शेवटचा दिवस होता. योगायोगाने रविवार, गाडीचा दिवस. खरं तर कामावरून जायला सांगितलेल्या माणसाने आवक तपासायची नसते. पण नवा अधिकारी आलेला नाही आणि बानूने काच उघडून हाक मारली, “भाऊ, येताय ना?” तीन वर्षं मी सर होतो.

गेलो. हातमोजे घातले. चाळीस पिशव्या उतरल्या, एकेक हाताने चाचपली. विसाव्या पिशवीपर्यंत बोटं बधिर झाली. सदतीस धोंडे होते. उरलेल्या तीन कोपऱ्यांपाशी सैल होत्या, म्हणजे बंदरावर कुठेतरी उन्हात राहिल्या असणार. त्या बाजूला काढायला सांगितल्या. हे काम आहे, ताई. हेच काम होतं. त्यात अर्धा तास गेला.

मग बानूने वही पुढे केली. पेन तिचंच होतं, चिकट. मी तारीख घातली. आवक चाळीस. अवस्था या रकान्यात लिहिलं: गोठलेलं, सदतीस. सैल, तीन, परत पाठवणे. खाली सही केली.

तिने वही आपल्याकडे फिरवून घेतली, सावकाश वाचली आणि म्हणाली,

“अक्षर चांगलं हाय तुमचं, भाऊ.”

शरद